रविवारची जलेबी

रविवार, संध्याकाळ

मी तीस किलो वजन उतरवलं, तेव्हापासून सुधीर दर रविवारी पोह्यांसोबत माझ्यासाठी जलेबी आणतोय. आधी हाच नवरा माझ्या हातातून गोड काढून घ्यायचा. मग आता काय झालं?

आज जरा उलगडलं. भाजीवाला त्याला म्हणाला, "भिया, माताजी से भी पूछ लो, मेथी दूँ क्या?" माताजी म्हणजे मी! सुधीर हसला नाही, चमकला नाही, 'बायको आहे माझी' असंही म्हणाला नाही. म्हणजे हे त्याने आधीही ऐकलंय. किती वेळा?

घरी येऊन सरळ विचारलं, "मी म्हातारी दिसते का रे?"

"कुछ भी! जलेबी खा, गार होतेय."

परत जलेबीच! खाल्ली नाही.

आत्ता गुपचूप सकाळचीच खाल्ली आणि लगेच आरशात बसलेले गाल जरा भरलेत का, ते बघून आले.