चिमूटभर सोनं, मूठभर पीठ

वालपराइसो, ३ जुलै १८४९

चि. निकानोर यास आईचे अ. उ. आ.

सगळं क्षेम आहे असं लिहिलं तर खोटं होईल. बंदरातलं पीठ पोत्यांनी तुझ्या कॅलिफोर्नियाला चाललंय आणि इथे भाव तिप्पट झालाय. आपली भट्टी थंड आहे. त्याचंही एवढं नाही. पण सासूबाईंनी मला सोपवलेल्या पावाच्या आंबवणाला रोज मूठभर पीठ घालावं लागतं. ते उपाशी मेलं, तर तसला पाव पुन्हा होणे नाही. मेला पीठवाला हसून म्हणतो, लेकाला तिकडेच जेवायला सांगा. तू परत ये बाबा.

वाट पाहणारी,
आई

सान फ्रान्सिस्को, ५ सप्टेंबर १८४९

तीर्थस्वरूप आईस शि. सा. न. वि. वि.

इथलं बघून मती गुंग होते. एका अंड्याला सोन्याची चिमूट! ती चिमूट दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या थैलीतून घ्यायची, असा रिवाज. त्यामुळे जाड अंगठ्याच्या नोकराला दुकानदार जास्त पगार देतात. सदरा धुऊन घेणं नव्या सदऱ्याहून महाग, म्हणून मळला की फेकतो. रागावू नकोस. पाव मात्र दगड. पिठाच्या पोत्यावर आपल्या गावच्या गिरणीचा शिक्का दिसला आणि मला रडू आलं.

यावंसं फार वाटतं, पण जहाजाचा नांगर पडला की कप्तानासकट सगळे सोनं खणायला पळतात. किनाऱ्यापासून लांबवर रिकामी जहाजं, डोलकाठ्यांचं नुसतं रान! टपालाच्या बोटीत जागा मिळत नाही. तिच्यातून सोन्याची पुडी पाठवतोय. आंबवण जगव.

तुझा,
निकानोर

वालपराइसो, १२ नोव्हेंबर १८४९

चि. निकानोर यास अ. उ. आ.

पुडी उघडली आणि उजेडात नेऊन पाहिली. नदीत असं पडलेलं असतं? देवा रे! पण अशा पुड्या घरोघरी आल्यात, सोनार नाक मुरडतो. थोडं पीठ मिळालं असतं, पण किती दिवस? मग म्हटलं, पीठ जातंय तिकडेच आपणही जावं. पिठाच्या जहाजाचं भाडं भरलं. कप्तानाशी ठरलंय, खलाशांचा पाव मी भाजायचा आणि आंबवणाची रोजची मूठ त्याने द्यायची. मडकं शालीखाली धरून बसेन. परतीची बोट मिळणार नाही, हे कळतं मला. भट्टीला हात लावून खूप रडले.

तू भट्टीसाठी विटा जमव. उभा जन्म कणीक मळून माझा अंगठा केवढा झालाय ते आठव. पावाची चिमूट मीच घेणार. आणि मळलेले सदरे फेकू नकोस. मी येऊन धुते.

लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही, बरोबर घेऊनच येते.

तुझी,
आई