तिलवाऱ्याचा पलीकडचा काठ

॥ श्री ॥
नागपूर, २० ऑक्टोबर २०१८

ती. शरयूताईस धाकट्या शकुचा साष्टांग नमस्कार.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. छातीचं दुखणं बरं आहे म्हणतात, पण जिना चढला की माझा दिवस संपतो. प्रवास डॉक्टरांनी बंद केला. दसऱ्याचं सोनं यंदा खाटेवरूनच घेतलं.

सात वर्षं झाली ताई. तुझी नर्मदा परिक्रमा मंडल्याच्या अलीकडे गुडघ्यांपायी थांबली, आणि पुरी होईपर्यंत नदी ओलांडायची नाही हा नेम तू धरून बसलीस. नागपूरला यायचं तर मैया आडवी. यांच्या तेराव्यालाही तू आली नाहीस; मी रागावले नाही. आताही ये म्हणत नाही. थकले गं, आणि आठवण येते, एवढंच.

माया आहे तशी राहू दे.
शकु


कांचघर, जबलपूर
२९ ऑक्टोबर २०१८

चि. शकुस पोटभर आशीर्वाद.

हात भरून आले आहेत, अक्षर वाकडं दिसेल. तसं माझं चौथीपर्यंतचं अक्षर सरळ कधी होतं म्हणा. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. काहून ते बेबीताईने न विचारता ओळखलं. ती आणि विनता चाळीस वर्षांच्या शेजारणी, त्यांच्यापासून काय लपतं. म्हणाल्या, चल, नदीवर हवा खाऊन येऊ.

काल तिलवाऱ्याला गेलो. आपली नात मीरा आहे ना, तिच्या मैत्रिणीकडे कयाक आहेत. म्हणजे दोघींपुरती लांबट होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पळी. मी नको नको करते तर मीरा म्हणे, आजी, बैठो तो सही. बेबीताई पुढे, मी मागे. तिच्या वजनाने होडीचं नाक पाण्यात, मी वर. तिला म्हटलं, पुढच्या जन्मी तू मागे बस. विनता मीरासोबत, मांडीवर वड्यांचा डबा धरून. माझा नेम सगळ्यांना ठाऊक, म्हणून याच काठाने फिरायचं ठरलं होतं.

तासाभरात खांदे गेले. वारा सुटला. बेबीताई वल्हं आडवं ठेवून सुनेचं गाऱ्हाणं सांगून राहिली होती. मी पुलावरून नागपूरच्या बसा जाताना पाहत होते. मग खस्स आवाज झाला आणि होडी वाळूत रुतली. पलीकडच्या.

बेबीताई रडायलाच आली, की माझ्या बडबडीने तुझी परिक्रमा मोडली. मी वाळूत पाय पसरून बसले. वाटायचं, असं झालं तर मी जगायची नाही. तसं काही झालं नाही बाई. गुडघे दुखून राहिले होते, तेवढंच. मागोमाग मीराची होडी आली, विनताने डबा उघडला. तिसऱ्या वड्याला मलाच हसू आलं.

आता तुला एकटीला सांगते. वारा होता, पण पूल दिसल्यापासून मी वल्हं पाण्यात घातलंच नव्हतं.

परतताना ग्वारीघाटावर गुरुजींना विचारलं. म्हणाले, खंडित झाली, मैयाची क्षमा मागा आणि संकल्प पहिल्यापासून करा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यापासून. बेबीताईचा चेहरा उतरला. मी नारळ दिला आणि विचारलं, नवा संकल्प करेपर्यंत मी मोकळी ना. ते म्हणाले, मोकळ्याच.

तर ही मोकळी बाई शनिवारी सकाळच्या बसने निघून राहिली आहे. मीरा सोबत आहे. तू जिना उतरून खाली येऊ नकोस. मला अर्ध्यात दम लागेल, तिथेच बसेन. जमलं तर तेवढ्या चार पायऱ्या तू ये.

बाकी तिथे बसून बोलू.
तुझी ताई