थांबून थांबून हवा

२ एप्रिल, बुधवार

आज परत डोकं फिरलं. ओरडलो — कारखान्यातल्या प्लासिड अंकलवर, आणि तेही हेमालीसमोर.

माझ्या जुन्या वर्गातली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ती आमच्या वालीवच्या कारखान्यात येते. तापलेल्या प्लेटवर हवा सलग मारण्यापेक्षा तोडून तोडून मारली तर ती लवकर गार होते, हे तिला सिद्ध करायचंय. आपोआप उघडमीट करणारा व्हॉल्व्ह बसवलाय. दोन महिने झाले, फरकच दिसत नाही. अंकल डायचा साचा पुसता पुसता म्हणाले, "हवा एवढ्या लांबून कोन मारतो?" मी फटकन — "चौथी शिकलेल्यांनी मध्ये बोलू नका."

ते पुसत राहिले.

३ एप्रिल

लिहूनच टाकतो. युक्ती माझी नाही. पाण्याची लाईन तुंबली की अंकल एअरगनने डाय गार करतात — टक, टक, मध्ये थांबत. मी नुसता बघायचो. कॉलेज सोडल्यावर हेमालीला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. म्हणून म्हणालो, मी शोधलंय. तिने विचारलं, किती अंतरावरून? सेकंदाला किती वेळा? मी गन हातात धरली असेल तर शपथ. थाटात सांगितलं — वीतभर, दहादा.

त्याच आकड्यांवर ती राबतेय. परवा म्हणाली, "विघ्नेश, तुझं बरोबरच असणार. माझंच काहीतरी चुकतंय."

४ एप्रिल

सांगायला गेलो. तिच्या नाकाला ग्रीस लागलं होतं. तेवढंच सांगून आलो.

७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी उमेळ्याला अंकलच्या घरी. मर्सी आंटीने सरबत दिलं. शेवटी सगळं खरं सांगून टाकलं. अंकल हसायलाच लागले. "शोध कसला रे? कंप्रेसर म्हातारा. सलग मारली तर हवा पुरत नाय. म्हनून थांबून थांबून."

म्हणजे युक्ती त्यांचीही नाही, कंप्रेसरची!

"दोन बोटांवर धरायची. सेकंदाला दोनदा, बस. तिला घेऊन ये." कालच्या 'चौथी शिकलेल्या'बद्दल — कालच्या कसलं, बुधवारच्या — एक शब्द नाही.

९ एप्रिल

सांगितलं. गेटवरच, उभ्या उभ्या. ती आत जाऊन अंकलशेजारी उभी राहिली, नळी दोन बोटांवर आणली, व्हॉल्व्ह हळू केला. तापमानाचा काटा सरसर उतरला. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा उतरला.

"अंकल, पूर्ण नाव सांगा तुमचं." वहीत लिहिलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

जाताना म्हणाली, "रिपोर्ट सोमवारी दुपारी दिला मी. 'फरक पडत नाही' असं लिहून."

शुक्रवारी तिच्या नाकाबद्दल बोलत होतो मी.

११ एप्रिल

रिपोर्ट परत मिळावा म्हणून तिने अर्ज केलाय. जुन्या वर्गातल्या प्रितेशने त्या अर्जाचा फोटो पाठवला. कारणाच्या जागी तिच्या अक्षरात — "मोजमाप घेताना माझ्याकडून चूक झाली."