घरच्या मैदानावर नारिंगी पट्टे

मी, देवचंद आधार सपकाळे, वय एकसष्ट, एस.टी.च्या भांडारातून निवृत्त, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र माझं डोकं जाग्यावर असताना लिहून ठेवत आहे. माझ्या छातीचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणतात. वकीलसाहेबांनी ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असं घालायला सांगितलं, तेही घालतो. उभ्या आयुष्यात मी कोणाच्या दबावाखाली आलो नाही, मेहरूणकरांची माझ्याबद्दल हीच तर मुख्य तक्रार आहे. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. माझ्या नावाने कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा, आणि दाखवणारा बहुधा माझा पुतण्या असेल.

कलम १. राहतं घर, भांडीकुंडी, शिलाई मशीन आणि पोस्टातली बचत माझी पत्नी द्रौपदाबाई हिला द्यावी. मशीन तिचंच आहे. मी फक्त तेल घातलं आहे.

कलम २. मुलगी सुनंदा चोपड्याला सुखात आहे. आईच्या पश्चात घर तिचं. जावई सज्जन आहे, पण दर भेटीत ‘मामा, क्रिकेट पाहत जा’ असा सल्ला देतो. त्याला माझा रेडिओ द्यावा. ऐकत बसेल बिचारा.

कलम ३. पुतण्या चुडामण याला माझं मनगटी घड्याळ द्यावं. गेली दोन वर्षं तो मला भेटायला येतो तो तलावाजवळच्या प्लॉटची चौकशी करायला. ‘आबा, तिथे मंगल कार्यालय झकास होईल,’ म्हणतो. माझी नाडी बघितल्यासारखा चेहरा करून चहा पितो. घड्याळात वेळ बघावी आणि आपली पाळी कधी येते ते मोजत बसावं. प्लॉटचं काय, ते खाली वाचावं.

कलम ४. हा तो प्लॉट. तलावाच्या बाजूला, माझ्या वडिलांनी घेतलेला, माझ्या एकट्याच्या नावावर. त्याच्यावर मेहरूण तरुण फुटबॉल मंडळ पंधरा वर्षं खेळतं. मंडळाकडे कागद नाही, भाडं नाही, लाजही नाही. मी डोळे मिटले की एक तर चुडामण तिथे मांडव घालणार, नाहीतर पोरं खेळत राहणार. हे ठरवायचं म्हणून तर हा कागद. आणि ते ठरणार आहे एका जर्सीवर. वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहायची गरज नसते. मला आहे.

सन शहाऐंशीच्या जून महिन्यात मंडळाचे सेक्रेटरी लीलाधर बन्सीलाल चौधरी यांच्या घरी आम्ही सगळ्यांनी, बायकामाणसांसकट, फुटबॉलच्या वर्ल्ड कपची फायनल पाहिली. टीव्ही काळापांढरा. पण कापडवाल्याच्या घरात काळंपांढरं कसं चालेल? म्हणून लीलाधरने टीव्हीपुढे ती रंगीत काच लावलेली. काच कसली, प्लॅस्टिकचा पत्रा! वरचा भाग निळा, मधला नारिंगी, खालचा हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, तोंड नारिंगी आणि पदर हिरवा दिसायचा, आणि घरातली माणसं ‘वा, काय कलर आहे’ म्हणायची.

अर्जेंटिनाचा संघ पट्टेरी जर्सी घालून उतरला. खेळ पडद्याच्या मधोमध चाले, म्हणून पट्टे नारिंगी. खेळाडू हेडिंगला उडाला की निळा व्हायचा, घसरून पडला की हिरवा. समोरचे जर्मन, तेही मधोमध नारिंगीच! एकाच्या तरी डोक्यात प्रकाश पडावा? लीलाधर म्हणाला, ‘तिकडच्या उजेडाने रंग हलतो.’ अर्जेंटिना जिंकलं, आणि घरी जाता जाता ठरलं की आपल्या मंडळाची घरची जर्सी आता अशीच करायची.

दुसऱ्या रविवारी माझ्या अंगणात बैठक झाली. मी उभा राहून सांगितलं की बाबांनो, हा रंग आकाशी आहे. धुळ्याच्या डेपोत होतो तेव्हा मी ज्या सलूनमध्ये दाढी करायचो, तिथे अठ्ठ्याहत्तरच्या अर्जेंटिना संघाचा रंगीत फोटो होता. उभे पट्टे, एक आकाशी एक पांढरा, खाली काळी चड्डी, पाठीवर काळा नंबर. त्यांच्या झेंड्याचेच रंग आहेत ते. या शतकाच्या सुरुवातीपासून ते लोक घरच्या मैदानावर हेच पट्टे घालतात. कॉलर बदलतात, पट्टे कधी रुंद कधी अरुंद करतात, कापड बदलतात, पण रंगाला हात लावत नाहीत. दुसऱ्याच्या मैदानावर गडद निळा घालतात, ती गोष्ट वेगळी. पुढे नव्वदच्या फायनलला ते तसेच गडद निळ्यात उतरले आणि हरले. घरचे पट्टे सोडले की काय होतं, ते जगाने पाहिलं.

माझं बोलणं संपलं, आणि लीलाधर हसत हसत म्हणाला, ‘देवचंदभाऊंचं काय, त्यांना सगळीकडे निळंच दिसतं.’

अंगणातली अर्धी माणसं हसली. कशाला हसली ते मला कळलं, त्यांनाही कळलं. माझ्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि चौदा एप्रिलला माझ्या दारावर निळा झेंडा असतो. म्हणजे मी रंग सांगितला की तो रंग नसतो, माझी जात असते! आमच्या वस्तीतली पोरं हसली नाहीत. दोघं उठून उभी राहिली. हिलाल आमचा गोलकीपर, त्याने तर चपला घातल्या.

तेवढ्यात द्रौपदाबाई दारातून बोलली. ती धुळ्याकडची, सिंदखेड्याच्या बाजूची, चिडली की थेट माहेरच्या भाषेत जाते. ‘मी मन्हा डोयासघाई देखेल शे. नारिंगीच शे. बठ्ठास्नी देखं, तुम्हलेच कसं दिसनं नही?’

झालं! खुद्द घरातून साक्ष निघाली. हिलालने चपला काढल्या. लीलाधरने हात वर करायला सांगितले, सगळे हात वर गेले, आणि जगात कोणत्याही देशाची नसलेली एक जर्सी माझ्या अंगणात मंजूर झाली. मी द्रौपदाबाईशी पंधरा दिवस फक्त कामापुरतं बोललो.

शिवल्या तिनेच. बाजारात पट्टेरी कापड मिळायचं ते गादीचं. मग तिने नारिंगी पॉपलिन आणि पांढरं पॉपलिन घेऊन पट्ट्या कापल्या आणि गोधडीसारख्या एकीला एक जोडत गेली. प्रत्येक जोडावर उलट शिवण, म्हणजे ओढाताणीत उसवायला नको. कॉलर पांढरी, नंबर काळ्या छत्रीच्या कापडाचे, हाताने टाचलेले. जर्सी जड झाली, घामाने आणखी जड व्हायची. पण आठ वर्षांत एकीचाही जोड सुटला नाही. हे मी रंगाबद्दल बोलत नाही, कामाबद्दल बोलतो आहे.

आमचा संघ ‘संत्रागोळी’ म्हणून गाजला. धुळे, जामनेर, चोपडा, जिथे जाऊ तिथे पोरं ओरडायची, ‘संत्रागोळी आली रे!’ मी प्रत्येक सामन्याला लाइनीवर बसून ‘रंग चुकलाय’ असं मोठ्याने सांगत असे. एकही सामना चुकवला नाही. धुळ्याची ढाल जिंकली त्या दिवशीही सांगितलं.

मग आलं चौऱ्याण्णव. लीलाधरने रंगीत टीव्ही घेतला. वर्ल्ड कपच्या आधी जुने सामने दाखवत होते, त्यात तीच फायनल लागली. तीच माणसं, तेच गोल, आणि पट्टे आकाशी! आता माणसाने काय करावं? माझ्या दारी यावं आणि म्हणावं, ‘भाऊ, तुमचं खरं होतं, मी बोललो ते वाईट बोललो.’ याने काय केलं? कमिटी नेमली. धुळ्याहून आकाशी पट्ट्यांच्या तयार नायलॉन जर्स्या आणल्या, छातीवर बापाच्या दुकानाचं नाव छापलं, आणि सभेत भाषण ठोकलं की आपण एक ऐतिहासिक चूक दुरुस्त करत आहोत. मला व्यासपीठावर बोलावून हार घातला! शहाऐंशी साली मी सांगितलेलं निळं चाललं नाही. ते समुद्रापलीकडून रंगीत टीव्हीत आलं तेव्हा चाललं. हार मी तिथेच खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, ‘जुन्या जर्स्या कुठायत?’

लीलाधर म्हणाला, ‘त्या ना? बोहारणीला दिल्या. स्टीलचं पातेलं आलं मंडळाला. चहाला झालं.’

घरी येऊन मी हे द्रौपदाबाईला सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर केली नाही. ‘पातेलं केवढं शे?’ एवढंच विचारलं. मी हाताने माप दाखवलं. ‘ल्हानकं शे,’ म्हणाली, आणि गहू निवडत राहिली.

त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नाही, आणि मी एस.टी.त नोकरी केलेली आहे. बेबाबाई बोहारीण शोधून काढली. तिला लाज वाटली, सेक्रेटरीला वाटली नाही! तिने कुठे कुठे कपडे विकले ते आठवून सांगितलं, माझ्याबरोबर हिंडली. बऱ्याचशा जुन्या बाजारात सापडल्या. एक गॅरेजमध्ये ग्रीस पुसत होती. एक चोपड्याच्या रस्त्याला कपाशीच्या शेतात बुजगावण्याच्या अंगात होती. शेतकऱ्याला माझा सदरा काढून दिला आणि बनियनवर एस.टी.त बसून घरी आलो. दोन मिळाल्या नाहीत. सापडल्या त्या द्रौपदाबाईने धुतल्या, वाळवल्या, आणि ‘रंग गया नही,’ म्हणाली.

म्हणून प्लॉटची व्यवस्था अशी. प्लॉट मंडळाला द्यावा, खेळाच्या मैदानासाठी कायम. अट एकच. त्या मैदानावर मंडळाने घरची जर्सी म्हणून द्रौपदाबाईने शिवली तशीच घालावी, नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्या जोडून, काळ्या नंबरांची. दुसऱ्याच्या मैदानावर आकाशी घाला, जांभळी घाला, उघडे खेळा, मला देणंघेणं नाही. माझ्या मैदानावर एक सामना जरी आकाशी पट्ट्यांत झाला, तर प्लॉट चुडामणला जावा. चुडामण मला किती नकोसा आहे हे मेहरूणमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून मी ही अट किती मनापासून घालतो आहे ते समजावं.

वकीलसाहेब मला म्हणाले, ‘पण भाऊ, अर्जेंटिनाची खरी जर्सी आकाशीच ना? तुम्हीच म्हणत होता.’ होय साहेब, आकाशीच. मरेपर्यंत तेच म्हणेन. पण ती अर्जेंटिनाची घरची. आमची घरची ही.

कलम ५. परत मिळवलेल्या जर्स्या आणि खाकी कागदावर कापून ठेवलेले त्यांचे बेत द्रौपदाबाईकडे राहावेत. नव्या शिवायच्या तर मंडळाने तिच्याकडे यावं, वाकून यावं, आणि ती नाही म्हणाली तर ज्याला ती शिकवेल त्याच्याकडून शिवाव्यात.

कलम ६. लीलाधर चौधरी याने रंगीत टीव्ही आल्यावर ती प्लॅस्टिकची काच घरामागे उकिरड्यावर फेकली होती. ती मी उचलून आणून, पुसून ठेवली आहे. ती त्याला परत द्यावी. जगाकडे तो अजून तिच्यातूनच बघतो, त्याची गैरसोय नको. पातेलं त्याने मंडळात ठेवावं आणि पाहुण्या संघाला त्यातच चहा द्यावा. ते कशाच्या बदल्यात आलं असं कोणी विचारलं तर खरं सांगावं.

कलम ७. हे कलम आज सकाळी वाढवलं. वरचं सगळं मी द्रौपदाबाईला वाचून दाखवलं. बैठकीचा भाग आला तेव्हा मी जरा जोरात वाचलं, मुद्दाम. ती म्हणाली, ‘मले काय रंग दिसना नही. मी पार कडले बठेल, काचना मांगथीन देखू. काळंपांढरंच दिसे.’

मी म्हणालो, ‘मग नारिंगी का म्हणालीस?’

‘तुम्ही निळा म्हनात, तो हसना. हिलालनी चपला घाल्यात. आपला पोरे उठी जातात, त्यास्ना वायला संघ, आपला वायला, दोन संघ व्हतात. मंग खेळतात कोठे? मी नारिंगी म्हनं, पोरे एक ऱ्हायनात.’ आणि मग म्हणाली, ‘तुम्हनं खरं शे हाई मले तवयच माहीत व्हतं. तुम्ही कवय खोटं बोलतस?’

दहा वर्षं हिने हे पोटात ठेवलं! त्यातली आठ वर्षं मी लाइनीवर बसून हिच्या शिवणीला चूक म्हणून ओरडलो, आणि ही घरी डबा भरून देत होती. मी इतका संतापलो की लेखणी खाली ठेवली. नंतर उचलली, कारण हे लिहायचं राहिलं होतं.

प्लॉटची अट आहे तशीच राहील. एकच भर घालतो. मला शेवटी नेताना अंगात काय घालायचं ते द्रौपदाबाईने ठरवावं. ती नारिंगी म्हणाली तर नारिंगी. तिथे हात वर करून मतदान घेऊ नये, आणि रंग चुकला असं कोणीही म्हणू नये. म्हणणारा एकच होता, आणि तो त्या दिवशी गप्प असेल.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही करत आहे.

लिहून देणार: देवचंद आधार सपकाळे (सही)

साक्षीदार:
१. हिलाल तोताराम तायडे, माजी गोलकीपर, आता मंडळाचा सभासद नाही, राहणार जामनेर (सही)
२. बेबाबाई, बोहारीण, राहणार जळगाव (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: मेहरूण, जळगाव
दिनांक: १२ ऑगस्ट १९९६