कात्रीचा दगड

अप्पा, तुमच्या अज्जाचा कात्रीचा दगड सापडला. आधी हेच सांगून टाकते, कारण मी गोष्ट लांबवली की तुम्ही “मुद्द्याचं बोल गं” म्हणून ओरडायचात. जन्मभर “पुढच्या वर्षी जाऊ” म्हणत राहिलात, आणि शेवटी आपलं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान माझ्या हातात कोंबून म्हणालात, “हे तिथं नेऊन ठेव. घरातल्या प्रत्येक शिंप्याचं तिथंच गेलंय.” कुठं, ते मात्र धड सांगितलं नाहीत. वरुणा गावाच्या पुढं, कालव्याच्या पलीकडं, करंजाच्या झाडाखाली. झालं! त्या बाजूला करंजाची झाडं काय कमी आहेत? इतकी वर्षं ते अंगुस्तान माझ्या देवघरात कापराच्या डबीत पडून होतं, आणि डबी उघडली की मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं.

चामराजपुरमच्या घराची पुढची खोली अजून डोळ्यांसमोर येते. तुम्ही मांडी घालून कापड आखताय, मी खाली चिंध्या गोळा करत बसलेय, आणि तुमची पाठ वळली की ती मोठी कात्री उचलून हवेत कचकच वाजवतेय. “रिकामी कात्री वाजवू नको, घरात भांडणं लागतात!” मग ती भिंतीवरच्या खिळ्याला जायची, कड्या वर, टोकं खाली. आयुधपूजेला तुम्ही तिला धुऊनपुसून पाटावर ठेवायचात, दोन्ही कड्यांना गंध-कुंकू लावायचात. ती डोळे वटारून माझ्याकडेच बघतेय असं मला वाटायचं. मी आईमागं लपायची आणि तुम्ही हसून हसून बेजार. त्याच दिवशी दर वर्षी अज्जाची गोष्ट निघायची. गावोगाव फिरून शिवणारा माणूस, लग्नाचे कपडे शिवायला त्या गावात गेला आणि तापानं तिथंच वारला. आपल्यात जाळतात, पण त्या गावात पुरायची रीत. त्यांनी त्याला आपला मानून आपल्या मातीत जागा दिली, दगडावर कात्री कोरून घेतली. पुढं आपल्या घरची दोन तान्ही मुलंही त्याच्याच शेजारी ठेवली.

तुमच्या धाकट्याची मुलगी बंगळूरात नोकरी करते. तुम्ही तिला बघितलं नाही. मराठी तिची अर्धीमुर्धी, ‘हो ना’ला कन्नड ‘अल्ला’ म्हणते, पण हल्ली फोनवर घराण्याची वंशावळ मांडत बसलीय. “आत्या, अज्जांच्या अज्जाची जागा रिकामी आहे. समाधीचा फोटो तरी हवा, अल्ला?” म्हणाली आणि गेल्या रविवारी गाडी घेऊन दारात हजर. आम्ही कालव्याच्या कडेनं झाड दिसलं की उतरायचो. लोकांना वाटायचं, आम्ही जागा विकत घ्यायला आलोय. “साइट बघायला आलात का?” एक जण तर भावही सांगायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, आम्ही मेलेल्यांची जागा शोधतोय. तो बिचारा दोन पावलं मागंच सरकला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा एका उसाच्या फडापलीकडं उघडं रान लागलं. सगळीकडं प्लॉटचे दगड रोवलेले, आणि मधोमध एकच करंज, त्याखाली पत्र्याचं छप्पर. आत तेल-कुंकवानं काळाभोर झालेला दगड, त्यावर चांदीचे दोन मोठे डोळे. बाजूला दोन लहान दगड. दिवा लावत बसलेल्या म्हातारीनं आम्हाला कन्नडमध्येच सांगितलं, “हा कण्णिन देवरू, डोळ्यांचा देव. ही त्याची लेकरं.” इथं जुनी मसणवट होती, ती सगळी जेसीबीनं सपाट केली, पण देवाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून एवढी जागा राहिली, असंही म्हणाली. भाचीनं हात जोडले आणि गाडीकडं निघाली. माझा पाय काही निघेना. त्या डोळ्यांखाली नाक म्हणून पुजलेला, दगडातच कोरलेला गोल खिळा होता, आणि त्याखाली जीभ म्हणून निमुळतं होत गेलेलं पातं. कड्या वर, टोकं खाली.

“अय्यो, कात्री!” माझ्या तोंडून निघून गेलं. म्हातारीला मराठी कळलं नाही, पण भाचीला कळलं. ती धावत आली, निरखून बघितलं आणि म्हातारीला सांगायला तोंड उघडलं. मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरगी कळवळली. “अहो, हा देव नाही, आमच्या घरचा शिंपी आहे,” असं एकदा बाहेर पडलं की उद्या त्याच्यावरूनही जेसीबी जाईल. मी डबी उघडून अंगुस्तान दगडाच्या पायाशी ठेवलं. “हे काय?” म्हातारीनं विचारलं. “आमच्या अप्पांचा नवस राहिला होता,” मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि ते लोकांनी वाहिलेल्या चांदीच्या डोळ्यांमध्ये नीट मांडून ठेवलं.

तुमची नजर गेली तेव्हा आईनं एक देव सोडला नव्हता. नंजनगूडला चांदीचे डोळे वाहिले, उपास केले. तुम्ही मशीनवर बसून मला हाक मारायचात, “सुई ओवून दे गं,” आणि मी ओवून दिली की दोरा बोटांनी चाचपत बसायचात. सगळे देव झाले, अप्पा, घरचाच तेवढा राहिला. आठवलं की अजून जीव तुटतो.

हे पत्र तुमच्या मशीनच्या खणात ठेवते, पाठवायचं तरी कुठं? एक सांगायचं राहिलं. निघताना म्हातारीनं दिव्याचं तेल माझ्या पापण्यांना लावलं आणि म्हणाली, “माग काय ते.” मोतीबिंदू मला झालाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तो दगड म्हणजे कात्री आहे हेही मला पक्कं ठाऊक होतं. तरी डोळे मिटले आणि मागितली ती माझी नव्हे, तुमचीच नजर.