अँबेसेडरचे नवे दिवे

बाबा, तुमच्या अँबेसेडरचे पुढचे दोन्ही दिवे मी बदलले. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत गाडीचा साधा स्क्रू बदलायचा तरी मी आधी तुम्हाला मनातल्या मनात विचारायची, आणि मनातल्या मनात तुमचं उत्तर यायचं, "जे आहे ते राहू दे." या वेळी विचारलं नाही. बदलून झाल्यावर सांगते आहे, आणि काहून बदलले तेही सांगते.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. वारासिवनीहून येताना पाऊस लागला आणि गाडी बंद पडली. तुम्ही बोनेट उघडलंत, दादाच्या हातात पाना दिलात आणि माझ्या हातात छत्री. इंजिनावर पाणी पडू नये म्हणून मी छत्री धरून उभी, आणि माझी पाठ भिजते आहे. दादा कंटाळून रस्त्यावरच्या बैलगाड्या बघतो आहे. मी बघते आहे तुमच्या बोटांकडे. कॉइलवरची एक तार सैल झालेली मला दिसली. मी म्हणाले, "बाबा, ते तार हालून राह्यलं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू छत्री सरळ धर. तुले काय समजते त्यातलं." थोड्या वेळानं तुम्ही तीच तार घट्ट केलीत आणि गाडी सुरू झाली. घरी आल्यावर आईला सांगितलंत, पोराच्या हाताले गुण आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दादाला गाडी शिकवलीत. मी मागच्या सीटवर बसून क्लच कधी दाबायचा ते पाठ केलं. स्टिअरिंग हातात आलं ते तुम्ही गेल्यावर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, कॉलेजातल्या पोरापोरींच्या रांगेत उभं राहून.

तुमच्या माघारी दादा गाडी विकायला निघाला होता. त्याच्याकडे नागपुरात ठेवायला जागा नाही. मी म्हणाले, मी ठेवते. नुसती झाकून ठेवीन असं त्याला वाटलं. मी ती रोज बालाघाटहून लामत्याला नेते, शाळेत. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलच्या दिवसांत निघायला संध्याकाळ होते, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर संध्याकाळी सहालाच अंधारून येतं. तुमचे ते जुने दिवे, बाबा, चिमणीसारखे मिणमिणायचे. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आता पांढरे, डोळे दिपवणारे असतात. तो निघून गेला की काही क्षण मला माझ्याच गाडीचं नाक दिसत नाही. मागच्या वर्षी अशाच एका ट्रकमागून एक म्हातारा माणूस सायकल हातात धरून येत होता, कॅरियरवर खताचं पोतं. तो मला दिसला तेव्हा तो माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर होता. मी ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन थांबली. तो माणूस काही ओरडला नाही. खिडकीशी येऊन वाकला आणि म्हणाला, "बाई, बत्ती नाही का तुमच्या गाडीले?" मी म्हणाले, "आहे, भाऊ." तो पुढं जाऊन दिव्यांकडे बघून आला आणि म्हणाला, "हे बत्ती होय?"

त्याच आठवड्यात मी दिवे बदलायला टाकले. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांनं काहून नाही बदलवले मंग? काही विचार करूनच ठेवले असतीन ना." मी म्हणाले, "बाबा सायंकाळी पाचनंतर गाडी काढत नव्हते, हा विचार होता." हे खरं आहे, बाबा. तुम्हाला संध्याकाळी दिसायचं कमी झालं होतं आणि ते तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. आम्हाला सांगत राहिलात की जुनी गाडी आहे, तिला त्रास नको.

नवे दिवे लागले आणि रस्ता पहिल्यांदा कडेपर्यंत दिसला. पंधरा दिवस मी मिरवलं. मग खैरलांजीला मावशीकडे आईला घेऊन गेले आणि परतताना असा पाऊस आला की वायपर थकले. वाटेत डावा दिवा गेला. उतरून बघते तर काचेच्या आत अर्ध्यापर्यंत पाणी, पेल्यात भरावं तसं. उजव्यातही वाफ धरलेली. आई पदर सावरत म्हणाली, "तुया बाबाच्या वेळी असं कधी झालं नाही." एका बसच्या मागे मागे, तिच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून, बालाघाट गाठलं.

मेकॅनिकनं काचेभोवती सिलिकॉन चोपडलं. पुढच्या पावसात पुन्हा पाणी. तो म्हणाला, "मैडम, पुरानी गाड़ी है, पानी तो जाएगा ही. पुराने वाले वापस लगवा लो." दादाही तेच म्हणाला, आईही तेच म्हणाली, आणि तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात. तिघा-चौघांनी मिळून एकच गोष्ट सांगितली की मला ती तपासून बघावीशी वाटते. मी मेकॅनिकला म्हणाले, "पुराने नहीं लगेंगे." आणि रविवारी अंगणात गाडीपुढे पाटावर बसून दिवा स्वतः उतरवला.

दिव्यामागे पत्र्याची वाटी असते. ती आतून कोरडी पुसली आणि स्वयंपाकघरातून हळद आणून तिच्यावर सगळीकडे भुरभुरली. आई म्हणाली, "गाडीले हळद लावून राह्यली का आता?" मी म्हणाले, "हौ." दिवा परत बसवला, पावसात स्टेशनपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा उघडला. पुढच्या बाजूची हळद जशीच्या तशी होती. मागून, तार आत येते त्या भोकापासून खालपर्यंत पिवळे ओघळ. पाणी पावसाचं होतं, पण येत होतं चाकाकडून, रस्त्यावरून उडून, मागच्या बाजूनं. आणि वाटीच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेलं भोक मेकॅनिकच्या सिलिकॉननं बुजवून टाकलेलं. तुमचा जुना दिवा म्हणजे एकच बंद काच होती. वाटीत कितीही पाणी आलं तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. नव्या दिव्याचा बल्ब मागून बसतो, म्हणून त्याला पाठ आहे, आणि पाठ झाकायला हवी. एवढंच होतं.

ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून दोन टोप्या कापल्या आणि बल्बच्या मागे घट्ट बसवल्या. तारा आधी खाली झुकवून मग वर आत घेतल्या, म्हणजे तारेवरून येणारं पाणी वाकणावरून खाली टपकेल. चाकाच्या वर, वाटीच्या पाठीशी, जाड रबराचा पडदा बोल्टनं आवळला. तळाचं भोक खिळ्यानं मोकळं केलं. माझ्या हातांना तीन दिवस रबराचा वास होता, आणि मला तो आवडत होता.

दादा पोळ्याला आला तेव्हा मी त्याला म्हणाले, चल. पाऊस लागलेलाच होता. लामत्यापर्यंत नेलं, प्रत्येक डबक्यातून मुद्दाम. येताना तो समोर बघत होता, झाडांच्या खोडांवरचे पांढरे पट्टे एकामागून एक उजळत होते. घरी उतरल्यावर तो दिव्यांपुढं वाकला, काचेवर बोट फिरवलं. म्हणाला, "पानी नाही गेलं." मग उभा राहून म्हणाला, "तू कवा शिकली हे?" मी म्हणाले, "तू बैलगाड्या पाहत होता तवा." त्याला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

तर दिवे बदललेलेच राहतील, बाबा. पुढच्या उन्हाळ्यात मी वायरिंगही बदलणार आहे. हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं, कारण मग खालच्या ओळी लिहिता आल्या नसत्या. डाव्या काचेत अजून हरभऱ्याएवढी वाफ धरते. कुठून येते ते मला सापडलेलं नाही. पोळ्याच्या त्या दिवशी दादा फेरीला निघायला अंगणात यायच्या आधी मी दहा मिनिटं दिवा लावून ती सुकवून ठेवली होती.