आबाचा कारखाना नावाचं फोल्डर

आबा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलताना तुझा आवाज कापला कसा नाही? तू जाऊन बारा वर्षं झाली, आता तुला हे विचारताही येत नाही.

मोळीपूजनाचा दिवस होता. हंगामातला पहिला ऊस गव्हाणीत पडणार, म्हणून आम्हा फिटरांच्या पोरांनाही साखर कारखान्यात येऊ दिलेलं. नारळ फुटतो, बटण दाबलं जातं, उसाची साखळी चार हात सरकते आणि थांबते. सगळे मोटरकडे धावतात. तू एकटा उलट्या दिशेनं, साखळी जिथून सुरू होते तिथे जाऊन वाकतोस आणि साखळीत अडकलेली झेंडूच्या तोरणाची तार हातात घेऊन येतोस. "मोटर चांगली शे, साहेब. तोरन मीच बांधेल व्हतं, तेन्ही तार गुताई गयी." तुझा जोडीदार ओरडला, "आते आरती कोनी करो आबा, मोटरनी का तुन्ही?" सगळे हसले, तूही हसलास. मी मात्र शरमेनं आईच्या मागे लपले होते.

आता मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधते आहे. संगणकाला जागं करून चालवते ती मूळ प्रणाली. तिचा सगळा कोड जगभरच्या अनोळखी माणसांनी लिहून उघडा ठेवलाय. कळसाडीसारख्या गावातल्या पोरीनं तो उघडून पाहिला तरी कुणी विचारत नाही, तू कोण. हजारो फाइली, आणि त्या क्रमानं जोडत नेणारं एक साधन. माझी जोडणी मात्र दर वेळी अडायची: फाइल सापडत नाही. फाइल समोर होती! तीन दिवस झाले. आई म्हणाली, "सकायपाईन तेच देखी ऱ्हायनी व माय!" शेवटी चिडून मी त्या लोकांच्या सामायिक ईमेल-यादीवर लिहिलं, तुमच्या कोडमध्ये चूक आहे. कुठल्याशा देशातल्या एकानं लगेच ती चूक शोधायला घेतली.

मग मला तुझं उलटं चालणं आठवलं. पडद्यावरच्या संदेशांची शेवटची ओळ सोडून मी वर वर जात पहिल्या त्रुटीपाशी पोचले. फोल्डरला मी हौसेनं नाव दिलं होतं, 'आबाचा कारखाना'. मधली मोकळी जागा आली की त्या साधनाला वाटतं नाव संपलं. ते आधी 'आबाचा' शोधत होतं, मग 'कारखाना'. जागा काढली आणि सगळं बांधून झालं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. इतक्या अनोळखी हातांचं काम आपल्या ओसरीवर चालू झालं होतं.

पण तो माणूस अजून शोधतच होता. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. मला त्या लोकांत काम करायचंय, आबा, आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून आपली पहिली ओळख अशा वेंधळ्या चुकीनं व्हावी, हे मला सोसवत नव्हतं.

हे पत्र कुठेच जाणार नाही. त्यांना मात्र दुपारीच लिहून टाकलं: शोधणं थांबवा, तुमचा कोड बरोबर आहे, चूक माझी होती. खाली पूर्ण नाव लिहिलं, तुझ्या नावासकट.